पंचावन्नच्या पुढची थरथर

१६ नोव्हेंबर, रविवार

आज बेडकी स्वतःच्या बळावर गॅरेजबाहेर आली. कित्येक वर्षं ती कालिंदीकाकूंच्या अंगणात ताडपत्रीखाली बसून होती. हिरवी, बसकी, दोनच माणसांची, वर कापडाचं छप्पर. परदेशी बनावटीची ही गाडी काकूंच्या वडिलांनी, म्हणजे जुन्या वकीलसाहेबांनी, एका जहागीरदाराच्या घरून घेतली होती. काकू ऐन तरुणपणी तिच्यावरच चालवायला शिकल्या. हिंगोलीत तेव्हा बाईमाणसानं सायकल चालवली तरी लोक दारात येऊन उभे राहत. बेडकी हे नाव गल्लीतल्या पोरांनी ठेवलं, तेच टिकलं.

तिचं मूळ इंजिन केव्हाच गेलं. सुटे भाग कुठं मिळत नाहीत. काकूंचा मुलगा नचिकेत पुण्याला असतो. त्यानं मोडीतल्या एका गाडीचं इंजिन आणि गिअरबॉक्स मिळवून पाठवला, आणि उन्हाळ्यापासून खपून मी तो हिच्या पोटात बसवला. इंजिनाची ताकद मागच्या चाकांपर्यंत नेणारा जो लांब दांडा असतो, त्याला आम्ही शाफ्ट म्हणतो. तो कुठलाच जमेना. शेवटी जीपचा शाफ्ट घेतला, कापला, वेल्डिंग करून लहान केला.

नर्सीच्या रस्त्यावर घेऊन गेलो. पन्नासपर्यंत गाडी अशी गेली की डोळ्यांत पाणी आलं. पंचावन्नला सीटखाली थरथर सुरू झाली. साठला आरशात मला माझीच दोन तोंडं दिसायला लागली. पाय काढला की थांबते, दाबला की परत येते.

चाकांचं असेल. पांडुरंग आहे.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

काकू आणि त्यांचे यजमान विष्णुपंत आले होते. विष्णुपंत कोर्टात शिरस्तेदार होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण अजून समोरच्याला साक्षीदारासारखं विचारतात. मी दोघांना आळीपाळीनं फिरवून आणलं. उतरल्यावर विष्णुपंतांनी कंबर धरली.

"काय रे सोमेश्वर, गाडी बनवलीस की पिठाची गिरणी?"

काकू हसल्या नाहीत. बॉनेटवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"तुला सांगून ठेवते," त्या म्हणाल्या. "माझा डावा डोळा गेला. उजव्यात मधोमध डाग आलाय. तुझ्याकडं बघते तर तुझे कान दिसतात, तोंड दिसत नाही."

"मंग बरंच हाय की काकू. तोंडात बघण्यासारखं काय बी न्हाई."

तेव्हा हसल्या. मग म्हणाल्या, "डॉक्टर सांगतात, हा डोळा संक्रांत बघेल की नाही ते त्यांनाही ठाऊक नाही. मला एकदा ही गाडी चालवायचीय. नवा रस्ता झालाय ना नर्सीकडचा, अजून खुला केलेला नाही तो? तिथं. कयाधूच्या पुलापर्यंत. कडेचा पांढरा पट्टा मला अजून लागतो. त्याला धरून जाईन. शेजारी तू बस, हँडब्रेक तुझ्या हाताशी ठेव."

"आणि मी?" विष्णुपंतांनी विचारलं.

"तुम्ही घरी बसा. पन्नास वर्षं तुमचं ऐकलं नाही, आता काय ऐकणार?"

मी म्हणालो, काकू, चाळीसनं गेलो तर थरथर येतच न्हाई. त्यांनी मान हलवली. "चाळीसनं जायचं तर बैलगाडी काय वाईट? बाबा म्हणायचे, साठच्या आत ही गाडी जागीच होत नाही. साठनं जाईन. पण हलता कामा नये. हललं की तो पट्टाही विरघळतो. परवा रिक्षात बसले, सगळं जग पाण्यात पडल्यासारखं झालं."

मी म्हणालो, होतंय आठ दिवसांत. म्हणायला काय जातं.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

चाकांचं नाही. चारही चाकं काढून पुढची मागं, मागची पुढं केली. टायरवाल्याकडून वजनं लावून आणली. तेच.

इंजिनाचंही नाही. गाडी उभी ठेवून इंजिन पळवलं, आवाज चढला, पण सीटवर ठेवलेल्या ग्लासातलं पाणी शांत होतं. मग साठच्या वेगात गिअर काढला आणि इंजिन हळू केलं. गाडी नुसती वाहत होती तरी थरथर तशीच. म्हणजे दोष गिअरबॉक्सच्या मागं आहे. शाफ्टमध्ये आहे.

मी केलेल्याच वस्तूत आहे. जेवण गेलं नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार

शाफ्ट खाली काढला. दोन्ही टोकांचे क्रॉस नवे टाकले. जुने खराब नव्हते, पण मनाचं समाधान.

हे लिहून ठेवतो. शाफ्टच्या दोन्ही टोकांना लोखंडाचं बेचकं असतं, त्यात तो क्रॉस, म्हणजे अधिकच्या खुणेसारखा सांधा, बसतो. शाफ्ट मधे दोन तुकड्यांचा असतो, दातऱ्यांवर एकात एक सरकणारा. ओढून काढला की परत कुठल्याही दातावर बसतो. म्हणून बसवताना दोन्ही बेचकी कशी येतात ते बघावं लागतं. तातेराव उस्तादांनी मला शिकवलं ते असं: एक बेचकं उभं, एक आडवं. मग ओझं दोघांत वाटलं जातं. दोन्ही उभी ठेवली तर सगळा मार एकाच अंगावर येतो आणि शाफ्ट तुटतो.

हे त्यांनी हवेत सांगितलेलं नाही. ते तरुण असताना एक काळी-पिवळी जीप उतारावर उलटली. आत माणसं, टपावर माणसं, मागं शिडीला लटकलेली माणसं. शाफ्ट तुटून त्याचं टोक रस्त्यात रुतलं होतं. उस्तादांनी स्वतः खाली वाकून पाहिलं, दोन्ही बेचकी उभी होती. त्या दिवसापासून त्यांनी एकही शाफ्ट तसा बसवला नाही, आणि त्यांच्या हाताखाली शिकलेल्या कुणीही नाही. आज ते नाहीत. पण जीप, टेम्पो, पाण्याचे टँकर, या पट्ट्यात आमच्या हातचे कितीतरी शाफ्ट फिरतात, एक तुटलेला नाही.

उस्तादांचं नाव घेऊन बसवला. एक उभं, एक आडवं. चालवून पाहिलं. तेच.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

शाफ्ट घेऊन नांदेडला गेलो. तिथं बालाजी म्हणून ओळखीचा आहे, त्याच्याकडे शाफ्ट फिरवून वजन तपासायचं मशीन आहे. त्यानं फिरवला, एका जागी लोखंडाची चकती डागली, परत फिरवला. म्हणाला, "सोमेश्वरभाऊ, आता हा काट्यावर हाय. पण एक बोलू?"

"बोल ना."

"ह्यो असा काहून जोडून राहिला तुमी? आमच्याकडं येतात त्या समद्या शाफ्टची बेचकी एका रेषेत असतात."

मी म्हणालो, "कंपनीवाल्याला गुळगुळीत रस्ते ठाऊक. आपल्याकडचे खड्डे त्यानं पाहिलेत का?"

"तसं असंल," तो म्हणाला. "तुमी जुने मानूस."

चहा पाजला त्यानं. चांगला माणूस आहे. त्यानं उस्तादांना पाहिलेलं नाही, म्हणून बोलला.

परत येऊन बसवला. पंचावन्नला सुरू झालं. सीटखालून माझ्या पाठीच्या मणक्यात चढतं ते. गाडी बाजूला घेऊन तुरीच्या शेताकडं बघत बराच वेळ नुसता बसलो.

१ डिसेंबर, सोमवार. एकादशी

नर्सीला जाऊन आलो. नामदेवांच्या पायाशी बसलो. गाडीसाठी मागायला लाज वाटली. लोक तिथं पोराबाळांची दुखणी घेऊन येतात आणि मी काय मागू, एक दांडा सरळ फिरू दे? काकूंच्या डोळ्यासाठी मागितलं. बाहेर आल्यावर वाटलं, डोळा माझ्या हातात नव्हता म्हणून तो मागितला. जे माझ्या हातात आहे ते मागायला हवं होतं.

४ डिसेंबर, गुरुवार

पाण्याच्या पायपाला लावतात ती पत्र्याची क्लिप शाफ्टवर आवळून पाहिली. तिचं डोकं जिकडं येईल तिकडं वजन वाढतं. थोडी फिरवायची, चालवून यायचं, परत खाली शिरायचं, परत फिरवायची. सकाळपासून हेच केलं. कुठंही काही फरक नाही.

गिअरबॉक्सखाली पट्ट्या घालून तो उचलला. मग काढून खाली घेतला. फरक नाही.

घरी बायको म्हणाली, झोपेत तुमचा पाय हलतोय, ब्रेक मारून राहिला का काय.

७ डिसेंबर, रविवार

काकू एकट्याच रिक्षानं आल्या. मी खुर्ची दिली, चहा सांगितला. चहा पिऊन झाल्यावर त्यांनी ग्लास टेबलावर ठेवला, म्हणजे ठेवायला गेल्या. टेबल वीतभर पलीकडं होतं. ग्लास फुटला.

"तुझं टेबल हलवलंस का रे?"

"व्हय काकू. आत्ताच सरकवलं." मी काही हलवलं नव्हतं.

"शिंचा लबाड," त्या म्हणाल्या. मग काचा गोळा करणाऱ्या माझ्याकडे, म्हणजे माझ्या जरा बाजूला बघत विचारलं, "किती दिवस, सोमेश्वर?"

मी काचा वेचत राहिलो. त्याच म्हणाल्या, "मी घाई करत नाही. घाई मी करतच नाहीये."

रात्री नचिकेतचा फोन आला. तो म्हणाला, काका, नाही जमलं तर राहू द्या, आईला मी समजावतो. त्याचा स्वभाव फार चांगला. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

९ डिसेंबर, मंगळवार

डोंगरकड्याला उस्तादांच्या घरी गेलो. का गेलो ते ठाऊक नाही. उस्ताद कुणाजवळ काही बोलले असतील, एखादी खूण, एखादी युक्ती, असं मनात होतं. द्वारकाबाई, उस्तादांच्या मंडळी, ओट्यावर कापसाची सरकी काढत बसल्या होत्या. पाया पडलो.

"आई, शाफ्टबद्दल उस्ताद घरी कधी काही बोलायचे का?"

"मला कोन सांगतंय शाफ्टचं? पर त्यांचं एक होतं बघ. एकदा ठरलं म्हंजे ठरलं. मिठाचा डबा चुलीच्या डाव्या अंगाला, म्हंजे डाव्याच. एकदा मी उजवीकडं ठिवला, त्या दिसी पोरगं पाय घसरून पडलं. झालं! जल्मभर डावीकडं. मी म्हनायची, अवो, मिठाचा न् पायाचा काय संबंध? तर म्हनायचे, तू गप ऱ्हाय. काहून, ते त्यांला बी ठाऊक नव्हतं."

आणि खूप हसल्या. म्हातारपणात नवऱ्याची आठवण काढून अशी हसणारी बाई पाहून बरं वाटलं.

येताना वाटभर विचार करत होतो. एवढी निष्ठा आता कुणात असते? मिठाच्या डब्यापासून शाफ्टपर्यंत एकच नेम. दोष माझ्या हातात आहे, दुसरं काही नाही.

१५ डिसेंबर, सोमवार. एकादशी



सकाळी शाफ्ट परत खाली काढून, दोन्ही तुकडे वेगळे करून पुसला होता आणि बसवत होतो. तेवढ्यात काकूंचा फोन. म्हणाल्या, "आज उठले तर खिडकीचा गज वाकडा दिसतोय. तू ये म्हणशील तेव्हा मी येईन, पण लवकर म्हण." मी फोन ठेवला आणि गाडीखाली शिरलो. उपास होता. तोंडानं नाम चाललं होतं, पण मन त्या गजात अडकलेलं. हातांनी आपलं आपण काम केलं. केव्हा बोल्ट आवळले, कळलं नाही.

नव्या रस्त्यावर नेली. पन्नास. पंचावन्न. मी दात आवळून वाट बघत होतो. साठ. काही नाही. पासष्ट, सत्तर. आरशात मागचा रस्ता असा दिसत होता जसा भिंतीवर लावलेला फोटो. इंजिनाचा आवाज तेवढा, खाली सगळं निवांत. पुलाशी वळून परत आलो, परत गेलो. शांत. एवढी शांत गाडी मी आयुष्यात चालवलेली नाही.

तसाच नर्सीला गेलो. पायरीवर डोकं ठेवलं आणि रडलो. ज्याला कळवायचं त्यालाच कळवलं. मग काकूंना फोन केला. म्हणालो, उद्या सकाळी सातला या. त्यांनी फोन तसाच खाली ठेवला. मग विष्णुपंतांचा आवाज आला, "काय सांगितलंस रे तिला? साडी काढायला गेली कपाटातनं."

१६ डिसेंबर, मंगळवार

सहालाच गॅरेजला गेलो. काकू यायच्या आधी ग्रीस भरून घ्यावं म्हणून खाली शिरलो आणि बॅटरीच्या उजेडात पाहिलं. दोन्ही बेचकी उभी होती.

काल फोन ठेवून गडबडीत बसवताना माझ्या हातून चुकलं होतं. मी तसाच सत्तरपर्यंत पळवून आलो होतो. 

तिथंच जमिनीवर पडून राहिलो. मनात काय काय आलं ते सगळं लिहितो, कारण इथं तरी खोटं लिहू नये. एक मन म्हणत होतं, सोमेश्वर, हात लावू नको. काल शांत होती, आज शांत राहील, म्हातारीला पुलापर्यंत जाऊन येऊ दे. दुसरं म्हणत होतं, काल तू एकटा होतास. आज निम्मी आंधळी बाई साठच्या वेगात चाक धरून बसणार, आणि तिच्याखाली असा शाफ्ट, ज्याच्याबद्दल उस्तादांनी शपथ घालून सांगितलंय. तुटला तर? टोक रस्त्यात रुतलं तर? काल चूक पचली ती एकादशीची पुण्याई. पुण्याई रोज रोज वापरायची नसते.

बालाजीचं बोलणंही आठवलं. ते खरं धरायचं म्हटलं, तर उस्तादांनी आयुष्यभर बसवलेला एक एक शाफ्ट चूक. आणि मी बसवलेला एक एक. एवढं मोठं माझ्यानं पेलवेना.

बोल्ट काढले. एक दात, दोन दात मोजत फिरवला. एक उभं, एक आडवं. आवळला. चालवून बघायला वेळ नव्हता, बाहेर रिक्षा थांबल्याचा आवाज आला.

काकूंनी जांभळी जुनी रेशमी साडी नेसली होती, पायात बूट. विष्णुपंत मागं उशी घेऊन उभे. नव्या रस्त्यापर्यंत मी नेली, मग जागा बदलली. त्यांनी सीट पुढं ओढली, हातानं चाचपून गिअर पाहिला. गाडी अशी उचलली की धक्का नाही. तिसरा, चौथा. नाकाच्या रेषेत बघत नव्हत्या, मान जरा वाकडी करून कडेचा पट्टा धरला होता. मी हँडब्रेकवर हात ठेवून होतो, पण तशी गरजच नव्हती. चाळीस. पन्नास. तोंडावर असं हसू होतं की मला त्यात काकू दिसेनात, कुणी मुलगीच दिसली.

पंचावन्नला सुरू झालं.

त्यांचं हसू लगेच गेलं नाही. साठपर्यंत त्यांनी नेटानं नेली. चाक त्यांच्या हातात थरथरत होतं, आणि डोळे पट्टा शोधत होते. मग त्यांनी पाय काढला. गाडी सरळ रेषेत हळू करून थांबवली, गिअर काढला, मग इंजिन बंद केलं. सगळं बराबर केलं. पूल समोर दिसत होता. मला दिसत होता.

"काल खरंच शांत होती?"

"व्हय काकू."

"मग मी काल यायला हवं होतं," त्या म्हणाल्या.

सकाळी शाफ्ट फिरवल्याचं मी सांगितलं नाही. काय सांगणार होतो?

१९ डिसेंबर, शुक्रवार

शाफ्ट काढून मांडीवर घेऊन बसलो होतो. फिरवून दोन्ही उभी करायची आणि काकूंना परत बोलवायचं, एवढंच. दोनदा दातऱ्यांच्या तोंडाशी आणला. हात धजला नाही. होता तसाच बसवला.

सकाळच्या पूजेत मन लागत नाही. ज्यानं त्या दिवशी दिलं, त्यानं दुसऱ्या दिवशी काढून घेतलं, एवढंच समजतं. का, ते विचारणारा मी कोण?

२८ डिसेंबर, रविवार

विष्णुपंतांचा फोन आला. म्हणाले, "ती आता चाक धरायचं नाव काढत नाही. उजव्या डोळ्यापुढं नुसता उजेड राहिलाय. पण म्हणते, सोमेश्वरला सांगा, मला बसवून तरी ने."

छप्पर काढून गाडी नेली. काकू शेजारी बसल्या. वाटेत त्यांनी विचारलं तसं मी सांगत गेलो. इकडं हळद उभी आहे, तिकडं कापूस वेचून झाला, पराट्या तेवढ्या राहिल्यात. नव्या रस्त्यावर लागल्यावर मी चाळीसवर धरून ठेवली. त्याच्या वर जायची हिंमत नव्हती.

काकूंनी दोन सीटच्या मधल्या उंचवट्यावर तळवा टेकवला. त्याच्या खालूनच शाफ्ट जातो.

"किती आहे रे आता?"

माझ्या तोंडातून निघून गेलं, "साठ."

"थरथर नाही."

"न्हाई काकू."

"जमलं म्हणायचं तुला." पदर चाचपत म्हणाल्या, "बाबांच्या वेळी साठला माझा पदर आवरत नसे. आज बघ, जागचा हलत नाही. वारासुद्धा म्हातारा झाला रे."

"थंडीचा वारा जड असतोय, काकू."

"असेल बाबा, असेल," त्या म्हणाल्या आणि हसायला लागल्या. कितीतरी वेळ हसत होत्या. डोळे पुसून म्हणाल्या, "पुलाशी वळव. येताना सत्तर कर."

येतानाही मी वेग चाळीसच ठेवला. सत्तर झाले म्हणून सांगितलं. "व्वा," त्या म्हणाल्या आणि डोकं मागं टेकवून तोंडावर ऊन घेत बसल्या. तळवा तिथंच होता.

दारात विष्णुपंत उभे होते. काकू उतरून म्हणाल्या, "सत्तरनं नेलं त्यानं मला, आणि पोटातलं पाणी हललं नाही."

विष्णुपंतांनी घड्याळ पाहिलं. "सत्तरनं गेलात, आणि एवढा वेळ?"

"तुम्ही गप्प बसा," काकू म्हणाल्या.

काकूंना काही कळलं नाही, हे बरं झालं. खोटं बोलल्याचं पाप माझ्या माथ्यावर राहू दे.